ट्यून केली तरी गिटार बेसूर वाटते? अकॉस्टिकचं इंटोनेशन तपासायचं आणि सुधारायचं कसं

ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दिसतात, ओपन तारा छेडल्या तर मस्त वाटतं, आणि जी मेजर कॉर्ड धरली की काहीतरी खटकतं. मग परत कान (खुंट्या) पिळायचे, जी बरा होतो तर सी बिघडतो. सातव्या-आठव्या फ्रेटवर गेलं तर विचारूच नका. असं होत असेल तर बहुतेक वेळा घोळ ट्यूनिंगचा नसून इंटोनेशनचा असतो, म्हणजे ओपन तार सुरात आहे पण फ्रेट दाबल्यावर जो सूर यायला हवा त्याच्यापेक्षा चढा किंवा उतरलेला येतोय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुठेही विचारा, सल्ला एकच मिळतो, बाराव्या फ्रेटवर चेक कर आणि सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मागेपुढे कर. इलेक्ट्रिकला ते ठीक आहे, तिथे स्क्रू असतो, चुकलं तर उलटा फिरवा. अकॉस्टिकचं सॅडल म्हणजे हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, एकदा घासली की घासली. आणि नवीन माणूस वाजवतो कुठे, तर पहिल्या तीन फ्रेटवर. तिथला बेसूरपणा बऱ्याचदा सॅडलचा नसतोच, नटचा असतो, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. म्हणून जे फुकट आहे आणि परत पूर्ववत करता येतं ते सगळं आधी, कानस आणि पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी.

थोडं गणित, फार नाही

नट ते सॅडल या कागदावरच्या अंतराला स्केल लेंथ म्हणतात, बऱ्याच ड्रेडनॉटमधे (मोठ्या बॉडीची नेहमीची अकॉस्टिक) ती २५.४ इंच म्हणजे साधारण ६४५ मिमी असते. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट नटपासून किती लांब ते कळतं (इथे ३६.२ मिमी), उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागलं की दुसरा, असं करत करत बारावा बरोब्बर मध्यावर येतो. कागदावर सगळं छान जुळतं. प्रत्यक्षात तार खाली दाबली की ती ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो, त्यात जाड तारा कडक असतात, टोकाशी नीट वाकत नाहीत, त्या अजून चढ्या लागतात. हे भरून काढायला सॅडल कागदावरच्या जागेपेक्षा मुद्दाम मागे बसवतात, बारीक ई ला (पहिली तार) दीड-दोन मिमी आणि जाड ई ला (सहावी तार) चार-पाच मिमीच्या आसपास. सॅडल तिरकं दिसतं ते यामुळे. याला कॉम्पेन्सेशन म्हणतात.

मोजायचं माप सेंट. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत १०० सेंट. एकट्या तारेवर ५ सेंटच्या आतला फरक बऱ्याच लोकांना कळत नाही, कॉर्डमधे मात्र त्याहून कमी फरकानेही सूर लहरल्यासारखा वाटतो. सगळीकडे ३ सेंटच्या आत बसलं तर गिटार उत्तम आहे असं समजा, ५ पर्यंत निवांत चालतं. शून्य शोधत बसू नका, फ्रेटवाल्या वाद्यात ते मिळत नाही.

जो दोष गिटारचा नाही तो आधी बाजूला काढा

हे कळलं नाही तर चांगल्या गिटारचं सॅडल उगाच घासलं जाईल. फ्रेटची वाटणी बारा समान भागांत केलेली असते, त्यामुळे मेजर थर्ड, म्हणजे आपला शुद्ध गांधार, ४०० सेंटवर येतो. कानाला जो गोड लागतो तो ३८६ च्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक मेजर कॉर्डमधे १४ सेंटचा चढा गांधार आहेच, जगातल्या सगळ्यात महागड्या गिटारवरसुद्धा. आता होतं काय, ई मेजर धरली की तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट खटकतो, माणूस ती तार जराशी उतरवतो, ई गोड होते आणि मग जी आणि सी मधे तीच तार उतरलेली ऐकू येते. ज्यांना लहानपणापासून गाण्याचा कान आहे त्यांना हे जास्त जाणवतं. यावर घासकामाचा इलाज नाही, ट्यूनरवर सरळ ट्यून करा आणि सोडून द्या.

पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या हार्मोनिक्स (तार न दाबता फ्रेटच्या वर नुसतं बोट टेकवून काढलेले सूर) जुळवून ट्यून करायची सवय असेल तर तीही थांबवा. सातव्या फ्रेटची हार्मोनिक शुद्ध पंचमाची असते, ७०२ सेंट, आणि फ्रेटवाला पंचम ७०० चा. दर जोडीला २ सेंट, सहाव्या तारेपासून पहिल्यापर्यंत जाता जाता ते साठत जातात.

पायरी १: तारा बदला

टाळू नका. जुन्या तारेवर फ्रेटच्या जागी खालून खड्डे पडलेले असतात (बोट फिरवून बघा, खरखरीत लागतात), घाम आणि मळ वळणांमधे बसलेला असतो, तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि मग ती कुठे चढी कुठे उतरलेली अशी मनाला येईल तसं वागते. अशा तारेवर घेतलेलं एकही माप खरं नाही.

नव्या तारा टाकताना तीन गोष्टी बघा. ब्रिज पिन (सॅडल ज्यात बसतं त्या ब्रिजमधे तारा अडकवणाऱ्या खुंट्या) दाबताना तार वर ओढून धरा म्हणजे तारेचं गोल टोक ब्रिजच्या आतल्या प्लेटला जाऊन टेकेल, नाहीतर ते पिनच्या टोकावर अडकून राहतं आणि हळूहळू सरकत बसतं. टोकाजवळ जो जाड पिळलेला भाग असतो तो सॅडलवर चढलेला नाही ना ते बघा, तो सॅडलवर आला तर ती तार कधीच सुरात येणार नाही. आणि तार चढवून झाली की सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे बोटाने हलकेच खाली दाबा. नवी तार तिथे कमानीसारखी वळते, दाबल्यावर स्पष्ट कोन येतो. एवढ्याशा कामाने २-३ सेंट जागेवर आलेले दिसतात, फुकटात.

मग प्रत्येक तार मधे धरून थोडी ओढा, परत ट्यून, परत ओढा, उतरायची थांबेपर्यंत. ट्यून करताना नेहमी खालून वर चढवत या, वरून खाली आणून सोडू नका. कान पिळताना नटपाशी टक्क असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय, खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

गेज, म्हणजे तारांची जाडी, हीही लक्षात ठेवा. १२-५३ च्या सेटवर जुळलेली गिटार १०-४७ टाकल्यावर तशीच वागेल असं नाही, ताण आणि कडकपणा दोन्ही बदलतात. जो सेट तुम्ही कायम वापरणार आहात तोच टाकून मोजा.

पायरी २: ट्यूनर आणि हात

ट्यूनर ४४० हर्ट्झवर आहे ना बघा, ॲपमधे कधी चुकून ते हललेलं असतं. सेंटचे आकडे दाखवणारा ट्यूनर हवा, नुसता हिरवा-लाल दिवा इथे कामाचा नाही. स्ट्रोब (जास्त अचूक प्रकारचा ट्यूनर) असेल तर उत्तम.

आता एक प्रयोग करा. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट अगदी हलका, जेमतेम स्वच्छ वाजेल इतकाच दाबा आणि ट्यूनर बघा. मग तीच नोट धरून ठेवून, नवीन लोक एफ बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) धरताना दाबतात तसं जीव खाऊन दाबा. काटा १० सेंट आरामात वर जाईल. आता न दाबता बोट जरा बाजूला ओढा, परत वर. हे सगळं गिटारच्या इंटोनेशनमधे दोष म्हणून मोजलं जातं आणि असतं हाताचं. बोट फ्रेटच्या अगदी मागे चिकटून ठेवलं की कमी दाब पुरतो. कॅपोचंही (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) तेच, फ्रेटच्या लगत लावा आणि स्क्रूवाला असेल तर गरजेपुरताच आवळा. स्प्रिंगवाले काही कॅपो इतके कडक असतात की सगळ्याच तारा चढवतात, कॅपो लावल्यावर परत ट्यून करणं हाच त्याला उपाय.

पायरी ३: मापं कागदावर घ्या

एक तक्ता काढा, आडव्या सहा तारा, उभे रकाने ओपन, १, ३, ५, ७, १२. गिटार वाजवताना धरता तशीच धरा, टेबलावर पालथी-उताणी टाकून मोजू नका, नेकवर वजन आलं की आकडे हलतात. ओपन तार शून्यावर आणा, मग प्रत्येक फ्रेट हलका दाबून मऊ छेडा. तार छेडल्या छेडल्या सूर क्षणभर चढा असतो, तो आकडा घेऊ नका, काटा स्थिरावला की जो दिसेल तो लिहा. चढा असेल तर अधिक, उतरलेला असेल तर उणे. दर दोन-तीन नोटांनंतर ओपन तार अजून शून्यावर आहे ना ते बघत जा. संपूर्ण तक्ता दोनदा काढा, दुसऱ्यांदा आकडे जवळपास सारखे आले तरच विश्वास ठेवा. नाही आले तर पायरी २ परत वाचा.

बाराव्या फ्रेटची हार्मोनिकही ऐकून बघा, ती ओपन तारेचा वरचा सा आहे, तिच्याशी दाबलेली बारावी नोट जुळली पाहिजे. ट्यूनर नसतानाही हे कानाने करता येतं.

पायरी ४: तक्ता वाचा

सगळं निदान इथेच होतं, म्हणून घाई करू नका.

पहिल्या-तिसऱ्या फ्रेटला बरंच अधिक (+८, +१०, +१२ असे आकडे) आणि पुढे जाताना कमी होत बाराव्याला जवळपास ठीक, तर नटच्या खाचा उंच आहेत. नव्या, न सेट केलेल्या गिटारींमधे सगळ्यात जास्त हेच सापडतं, कारण कारखान्यात खाच उंच ठेवणं सुरक्षित असतं, जास्त खोल गेली तर तार झणझणते आणि गिटार परत येते.

उलट पहिल्या फ्रेटांना ठीक आणि वर जाऊ तसं अधिक वाढत बाराव्याला सगळ्यात जास्त, तर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उंच आहे किंवा सॅडल पुढे आहे. वर जाऊ तसं उणे वाढत असेल तर सॅडल मागे आहे.

सगळ्या फ्रेटवर साधारण सारखाच अधिक, म्हणजे पहिल्याला +४, पाचव्याला +४, बाराव्यालाही +४, तर ओपन तारेचीच लांबी चुकतेय. नटची खाच पुढच्या कडेला खाली उतरलेली असते आणि तार कडेवर न टेकता आत कुठेतरी मागे टेकते. अशी ओपन तार बऱ्याचदा सतारीसारखी झणझणते, त्यावरूनही ओळखता येतं.

एकच तार वेड्यासारखी आणि बाकी पाच शहाण्या, तर ती तारच खराब. नव्या पाकिटातही एखादी तार असमान निघते. दुसरी टाकून बघा. एकाच फ्रेटवर सगळ्या तारा गडबडत असतील तर तो फ्रेट झिजून वरून चपटा झालाय किंवा उचललाय, चपट्या फ्रेटवर तार माथ्यावर न टेकता कडेला टेकते.

नटवर संशय असेल तर पक्कं करायची सोपी युक्ती आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, कॅपोसकट सहाही तारा अर्धा सूर वरच्या नोटांना ट्यून करा (एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी, एफ) आणि नेहमीच्या ओपन कॉर्डचे आकार वाजवा. आता नट खेळात नाहीच, पहिला फ्रेट त्याचं काम करतोय. कॉर्ड अचानक सुरेल झाल्या तर गुन्हेगार सापडला. तरीही बेसूर, तर नेक, ॲक्शन, सॅडल यांच्याकडे चला.

पायरी ५: नट

तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघा. पातळ कागद जेमतेम जाईल इतकी हवी, जाड तारांना किंचित जास्त. बोटाने तिथे टकटक केलं तर बारीकसा टिक आवाज यायला हवा, म्हणजे फट आहे पण नावापुरती. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर खाच उंच.

खाच खोल करायला त्या तारेच्या जाडीच्या नट फाइल्स मिळतात. साध्या कानशीने हे काम करू नका, खाच रुंद झाली की तार आत खेळते. तार सैल करून बाजूला घ्या, कानस हेडस्टॉकच्या दिशेने थोडी खाली उतरती धरा म्हणजे खाचेची सगळ्यात उंच जागा फिंगरबोर्डकडची कड राहील, दोन-तीन हलके हात मारा, तार परत बसवून ट्यून करा, फट बघा, पहिल्या फ्रेटचे सेंट बघा. परत दोन-तीन हात. कंटाळवाणं आहे आणि कंटाळवाणंच ठेवा, कारण इथे एकदा जास्त खोल गेलं की ओपन तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागते. तसं झालंच तर हाडाची भुकटी आणि सुपरग्लूने खाच भरून परत कापता येते, तात्पुरतं चालतं, पण नवा नट टाकणं जास्त बरं. फाइल्स नसतील तर एवढं एक काम कारागिराकडून करून घ्या, छोटं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

पायरी ६: नेक आणि ॲक्शन

पहिल्या फ्रेटवर कॅपो, चौदाव्यावर बोट, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. ०.१ ते ०.२५ मिमी चांगली. जास्त असेल तर नेक पुढे वाकलीय, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने आवळला की सरळ होते. ट्रस रॉडचं तोंड साउंडहोलच्या आत किंवा हेडस्टॉकवरच्या झाकणाखाली असतं. एका वेळी जास्तीत जास्त पाव फेरा, परत ट्यून, काही तास जाऊ द्या, मग मोजा. जोर लावावा लागत असेल तर थांबा. ट्रस रॉडने फक्त नेकचा बाक सुधारायचा, ॲक्शन कमी करायचं ते हत्यार नाही हे लोक सारखं विसरतात.

नेक ठीक झाली की बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालपर्यंत मोजा. जाड ई ला २.४ मिमी आणि बारीक ई ला १.६ ते १.८ च्या आसपास असेल तर छान. त्याहून बरंच जास्त असेल तर तार दाबताना जास्त ताणली जाते आणि सगळं चढं लागतं. कमी करायला सॅडल बाहेर काढून खालच्या बाजूने घासायचं. हिशोब दुप्पट, बाराव्याला अर्धा मिमी कमी हवा तर सॅडलमधून एक मिमी. पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, सॅडल उभं धरून घासा, आणि खालची कड पूर्ण सपाट ठेवा, विशेषतः खाली पिकअप (आवाज ॲम्पकडे पाठवणारी पट्टी) असेल तर, नाहीतर एखादी तार ॲम्पमधे दबलेली ऐकू येते. घासण्याआधी सॅडल ब्रिजच्या वर किती उरेल ते बघा, ३ मिमीच्या खाली जात असेल तर घासून उपयोग नाही, नेकचा कोनच बिघडलाय आणि ते घरचं काम नाही.

हवेतल्या ओलाव्याने हेच सगळं हलतं. दमट हवेत वरची फळी फुगते, ॲक्शन वाढते, कोरड्या हवेत बसते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर बरं, नाहीतर निदान हवामान खूप बदललेलं असताना कानस हातात घेऊ नका.

पायरी ७: सॅडल

इथपर्यंत येऊनही बाराव्याला आकडे चुकत असतील तरच. आधी सॅडल खाचेत पुढे झुकलेलं नाही ना बघा, ढिलं सॅडल तारांच्या ताणाने नेककडे कलतं आणि सगळंच चढं होतं, घट्ट बसणारं नवं सॅडल टाकलं की प्रश्न संपतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा, आत जात असेल तर ब्रिज सुटतोय, बाकी सगळं सोडून आधी ते चिकटवून घ्या.

सगळं जागेवर असेल तर तार सॅडलवर नेमकी कुठे टेकते ती जागा बदलायची. बारावी नोट चढी तर टेकायची जागा मागे, पिनांकडे. उतरलेली तर पुढे, नेककडे. ६४५ मिमी स्केलवर १ मिमी सरकवलं की बाराव्याला साधारण २.७ सेंटचा फरक पडतो. सॅडलची जाडी असते अडीच ते तीन मिमी, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलात तरी हातात ७-८ सेंटच. बारावी नोट +१५ असेल तर हे घासून बरं होणारं दुखणं नाही हे आधीच कळतं.

जागा शोधायची एक सुंदर पद्धत आहे. माथा सपाट असलेलं एक जादा सॅडल घ्या (जुनंही चालेल, माथा घासून सपाट करा), तार थोडी सैल करून तिच्याखाली बारीक ई च्या जुन्या तारेचा ३ मिमीचा तुकडा आडवा ठेवा, ट्यून करा, बारावी नोट बघा. चढी असेल तर टाचणीने तुकडा अर्धा मिमी मागे ढकला, परत ट्यून, परत बघा. जुळलं की तुकड्याच्या जागी पेन्सिलची बारीक खूण. सहाही तारांचं झालं की सॅडलवर वाकड्यातिकड्या खुणांची नागमोडी ओळ दिसते, दुसरी तार ठळकपणे मागे, तिसरी पुढे. कारण तिसरी गुंडाळलेली असते, आतला गाभा बारीक, आणि दुसरी पूर्ण साधी तार असून जाड. बाजारात पायरी असलेली जी कॉम्पेन्सेटेड सॅडल मिळतात त्यातली दुसऱ्या तारेची पायरी याच कारणाने.

मग छोट्या कानशीने खुणेच्या दोन्ही बाजूंनी उतार काढा, खुणेची रेघ माथा म्हणून उरली पाहिजे. माथा सुरीच्या पात्यासारखा धारदार ठेवू नका, तार तुटते, किंचित गोल करा. तुकड्याच्या जाडीइतकी उंची आता कमी होणार आहे हे ध्यानात ठेवून सॅडल मुळातच तेवढं उंच घ्यायला हवं.

फरक ७-८ सेंटच्या पलीकडे असेल, तेही नट, नेक, ॲक्शन सगळं जागेवर असताना, तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलेला असू शकतो. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा, मग बाराव्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत. दुसरं अंतर बारीक ई ला दीड-दोन आणि जाड ई ला चार-पाच मिमीने जास्त असायला हवं. सारखंच किंवा कमी भरलं तर सॅडलची खाच बुजवून नवीन पाडावी लागते, कारागीर करतो, पण स्वस्त गिटारला तो खर्च परवडतो का ते आधी विचारून घ्या. जाताना तक्ता आणि वापरता त्या तारांचं पाकीट सोबत न्या, नुसतं बेसूर वाटते म्हणून सांगितलं तर तो त्याच्या आवडीच्या तारा टाकून जुळवून देईल आणि घरी आल्यावर तुमच्या तारांवर परत आकडे हललेले असतील.